जिताडा गळाला लावण्यापूर्वी

पैठणच्या नाथसागरावर मरळ धरण्यात मुरलेल्या हाताला कोकणातला जिताडा नवा वाटतो, कारण हा मासा खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या सीमेवर जगतो. मोठे मासे खाडीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतात, आणि पिल्ले भरतीबरोबर कांदळवनात, तेथून पुढे निमखाऱ्या व गोड्या पाण्यातही शिरून वाढतात. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात. त्यामुळे गळाला लागलेला सर्वांत मोठा मासा सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, मग सोबती कितीही हळहळोत.

वेळ घरच्या पंचांगावरून काढता येते. कोकण किनाऱ्यावर तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ मिळते : अष्टमीला ६, पौर्णिमेला ११.१५. त्यानंतर ओहोटी लागताच, कांदळाच्या मुळांमधून पाणी ओघळत बाहेर पडते तेथे जिवंत कोळंबी सोडावी, कारण वाहून येणाऱ्या भक्ष्यासाठी जिताडा तेथेच दबा धरून असतो. मरळीची बारीक दोरी मात्र नेऊ नये. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची धार दोरी कापते, आणि बेसावध बोटेही.