माज, गाभणपण आणि गर्भाशयातला पू: मांजरीच्या बाबतीत या चुका टाळा

मांजरीला पाळी येत नाही. कुत्री माजावर आली की रक्त दिसतं, म्हणून मांजरीचंही तसंच असणार असं धरून चालणारे पुष्कळ आहेत आणि पुढचा बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो. माजावरच्या मांजरीला रक्तस्राव होत नाही. फार तर थोडासा पाण्यासारखा स्राव होतो, तोही ती तिथल्या तिथे चाटून साफ करते. तेव्हा शेपटीखाली किंवा अंथरुणावर रक्त, पू, तपकिरी डाग दिसला तर ‘माज असेल’ हा विचार आधी डोक्यातून काढा. लघवीच्या मार्गाचा त्रास, गर्भपात, गर्भाशयातला पू, क्वचित एखादी गाठ अशा शक्यता उरतात आणि यातलं काहीही डॉक्टरांना न दाखवता सोडून देण्याजोगं नाही.

मांजर पाळणारी माणसं निष्काळजी असतात असं मला वाटत नाही. उलट ती फार लक्ष देतात, पण एका गोष्टीला भलतीच गोष्ट समजून बसतात. म्हणून खाली आजारांच्या यादीपेक्षा या गैरसमजांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

माजाला दुखणं समजणं

पहिल्यांदा माज पाहणारा माणूस हमखास घाबरतो. मांजर जमिनीवर लोळते, घसा बसेपर्यंत ओरडते, पाठीवर हात ठेवला की छाती जमिनीला टेकवून मागचा भाग उचलते, शेपूट एका बाजूला घेते आणि मागचे पाय जागच्या जागी तुडवत राहते. बघणाऱ्याला वाटतं कंबर मोडली किंवा पोटात कळ आली. मग घरातली दुखण्याची गोळी दिली जाते. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे. ते पचवून निकामी करण्याची तिच्या यकृताची ताकद फारच तोकडी असते, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि तोंड व पंजे सुजतात. एक साधी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनही तितकंच टाळायचं.

फरक ओळखणं अवघड नाही. माजावरची मांजर खाणं थोडं कमी करेल, पण ती तरतरीत असते, अंग घासत मागे मागे फिरते. दुखणारी मांजर कोपरा शोधते आणि हात लावू देत नाही. ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसत असेल, थेंब थेंब लघवी करत असेल आणि तिथेच ओरडत असेल, तर तो मूत्राशयाचा त्रास समजा.

पहिला माज साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान येतो. काहींना चौथ्या महिन्यातच येतो, त्यामुळे ‘अजून पिल्लूच आहे’ म्हणून तिला बोक्याबरोबर मोकळं सोडणं महागात पडतं, मग तो बोका तिचा सख्खा भाऊ का असेना. माज सरासरी आठवडाभर टिकतो. जोडी झाली नाही तर दोन-तीन आठवड्यांत परत येतो. हे चक्र दिवसाच्या लांबीवर चालतं. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे असले की ते वर्षभरही चालू राहू शकतं. प्रत्येक माजाची तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवा. पुढे डॉक्टर सगळ्यात आधी तीच विचारतात.

माज थांबवायची गोळी

ओरडणं असह्य झालं की कुणीतरी इंजेक्शन किंवा गोळी सुचवतं. ही बहुधा प्रोजेस्टेरॉनसारखी, म्हणजे गाभणपण टिकवणाऱ्या संप्रेरकासारखी काम करणारी औषधं असतात: मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन किंवा मेजेस्ट्रॉल. माज थांबतो हे खरं, पण त्याबरोबर गर्भाशयात पू होण्याचा, स्तनांच्या गाठींचा आणि मधुमेहाचा धोका वाढतो. काही तरुण मांजरींच्या सगळ्या स्तनग्रंथी अशा औषधानंतर अचानक लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या सुजतात, कातडी ताणून लाल-जांभळी होते, कधी फाटते. बघणाऱ्याला कॅन्सर वाटतो. तो बहुधा कॅन्सर नसतो. औषध बंद करणं, प्रोजेस्टेरॉनचा परिणाम रोखणारं अ‍ॅग्लेप्रिस्टोन देणं आणि पुढे अंडाशय काढणं यांनी सूज उतरते. मांजर इतकी लहान असताना गाठी दिसल्या म्हणून घाईने सगळे स्तन कापून काढायला कुणी सांगत असेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या तर मुळीच नकोत. कापसाची काडी आत फिरवून माज ‘शांत’ करण्याचा एक उपायही फिरत असतो. मांजरीत अंडं सुटण्यासाठी बहुतेकदा जोडीचा स्पर्श लागतो, आणि काडी तेच सोंग करते. अंडं सुटतं, माज लवकर ओसरतो, पण शरीरात पुढचे काही आठवडे प्रोजेस्टेरॉन राहतं. म्हणजे खोटं गाभणपण तरी येतं, नाहीतर पू होण्याची जमीन तयार होते. शिवाय आत इजा होते ती वेगळीच.

गर्भाशयातला पू: सगळ्यात महाग पडणारी चूक

पायोमेट्रा म्हणजे गर्भाशय पूने भरणं. माज संपल्यावर काही आठवड्यांनी, बहुतेकदा दोन महिन्यांच्या आत हे होतं. प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्याचं तोंड मिटतं, तिथली प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि योनीमार्गातून वर चढलेले जिवाणू, बहुधा ई. कोलाय, आत वाढत जातात. ‘पण बोका जवळसुद्धा आला नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण काही मांजरींत जोडीशिवायही अंडं सुटतं.

गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो, पण मांजर तो चाटून टाकते. दिवसभर शेपटीखाली चाटणारी मांजर ‘फार स्वच्छ’ आहे असं कौतुक करण्याआधी पांढरा टिशू पेपर घ्या आणि ती झोपेतून उठल्याबरोबर शेपटीखाली टेकवून पाहा. पिवळट, तांबूस किंवा चॉकलेटी डाग, घाण वास, मागच्या पायांच्या केसांना चिकट थर यातलं काही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही, पोट मात्र भरत जातं. हा प्रकार जास्त घातक, कारण गर्भाशय फुटू शकतं आणि विष रक्तात उतरतं.

कुत्रीसारखं खूप पाणी पिणं, सारखी लघवी आणि उलट्या हे मांजरीत दरवेळी दिसत नाही. ती नुसती गप्प होते. जेवण अर्धवट टाकते, अंग चाटणं सोडते, केस विस्कटलेले दिसतात, वजन उतरतं आणि पोट वाढतं. तापावरही विसंबू नका. मांजरीचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, आणि पायोमेट्रा असूनही ते तेवढंच राहू शकतं. रक्तात विष फार पसरलं तर ते खालीसुद्धा जातं.

पोट वाढलंय, खाणं बदललंय, महिन्यापूर्वी माज होता, मग गाभणच असणार, असं म्हणून लोक पिल्लांची पेटी सजवत बसतात. खात्री करायला सोनोग्राफी आहे. जोडीनंतर साधारण २५ दिवसांनी पिल्लांचे ठोके दिसतात. गाभणपण ६३ ते ६५ दिवसांचं असतं, दोन-चार दिवस इकडेतिकडे. गाभण मांजर खाणं वाढवते आणि तिच्या अंगावर मांस चढतं, पू भरलेल्या मांजरीचं पोट तेवढं फुगतं आणि पाठीचा कणा हाताला लागू लागतो.

उपचार म्हणजे आधी सलाईन, अँटिबायोटिक देऊन तिला सावरणं आणि मग गर्भाशय व अंडाशय काढणं. नुसत्या अँटिबायोटिकवर दोन दिवस बरं वाटतं आणि तिथेच फसगत होते. औषध रक्तातून फिरतं, पण पिशवीतला पू तसाच राहतो. पिल्लं घ्यायचीच असलेल्या, तरुण आणि तब्येतीने बऱ्या मांजरीत, तोंड उघडं असेल तर अ‍ॅग्लेप्रिस्टोन किंवा गर्भाशय आवळायला लावणारं प्रोस्टाग्लँडिन वापरून पू काढता येतो. पण त्रास परत उद्भवू शकतो आणि हा निर्णय डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा.

बाळंतपणात नको तिथे घाई, हवी तिथे नाही

पिल्लू पायाकडून येतंय म्हणून हात घालू नका. मांजरीत बरीच पिल्लं तशीच जन्मतात आणि नीट जन्मतात. दोन पिल्लांमध्ये तास-दोन तासांची विश्रांती आणि त्या वेळात आई शांतपणे दूध पाजत असेल तर तीही चालते. धोक्याच्या खुणा वेगळ्या आहेत: अर्धा तास जोरदार कळा येऊनही पिल्लू नाही, पिल्लाचा भाग दिसतोय पण दहा मिनिटं पुढे सरकत नाही, पहिल्या पिल्लाआधीच गडद हिरवा स्राव आला, ताजं लाल रक्त थांबत नाही किंवा जोडीनंतर ७० दिवस उलटले. यातलं काहीही झालं तर मांजर अडली आहे असं समजून लगेच फोन करा. चपट्या तोंडाच्या पर्शियनसारख्या मांजरींत अडण्याचा धोका मुळातच जास्त असतो.

कळा यायला घरी ऑक्सिटोसिन टोचणं ही मात्र चूक नव्हे, जुगार आहे. पिल्लू आडवं अडकलेलं असताना गर्भाशय जोरात आवळलं गेलं तर ते फाटतं.

व्यायल्यावर दोन-तीन आठवडे थोडा लालसर-तपकिरी स्राव चालतो. त्याला घाण वास येऊ लागला, आईला ताप आला, तिने पिल्लांकडे पाठ फिरवली तर गर्भाशयाचा संसर्ग किंवा आत राहिलेली वार असण्याची शक्यता असते. पिल्लं रोज वजन काट्यावर ठेवा. जन्मताना ती साधारण १०० ग्रॅमची असतात आणि रोज दहाएक ग्रॅमने वाढायला हवीत. वजन थांबलं तर आधी आईचे स्तन बघा. एखादा गरम, कडक, जांभळट आणि दुखरा असेल तर स्तनदाह आहे. अँटिबायोटिक पिल्लांना चालणारं हवं, म्हणून ती दूध पितात हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. आईचे पाय ताठरले, अंग थरथरू लागलं, ती धापा टाकू लागली तर कॅल्शियम घटलं असू शकतं. पिल्लं बाजूला काढा आणि लगेच निघा. ते कॅल्शियम शिरेतून, हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत द्यावं लागतं. गाभणपणातच कॅल्शियमच्या गोळ्या भरवून ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही, त्याने शरीराची स्वतःची व्यवस्था सुस्तावते.

एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते: पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा माजावर येऊ शकते आणि गाभण राहू शकते.

गाठ ‘दुधाची’ म्हणून सोडणं

मांजरीला सहसा आठ स्तन असतात, दोन्ही बाजूंना चार-चार, काखेपासून जांघेपर्यंत. ती मांडीवर सुस्तावली असताना दोन बोटांच्या चिमटीत प्रत्येकाभोवतीची कातडी हळूच सरकवत जा. कातडीखाली वाटाण्याएवढं काही टणक लागलं, तर ते हलतंय की खाली चिकटलंय ते पाहा आणि जागा लिहून ठेवा. महिन्यातून एकदा दोन मिनिटांचं काम आहे. मांजरीच्या स्तनातल्या दहापैकी आठ ते नऊ गाठी कॅन्सरच्या निघतात, त्यामुळे ‘मोठी होते का बघू’ म्हणत थांबण्याला अर्थ नाही. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असताना काढली तर पुढचं आयुष्य बरंच लांबू शकतं, तीन सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर चित्र पालटतं. ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढून फुप्फुसात पसरलंय का ते बघतात, आणि बहुधा एकटी गाठ न काढता त्या बाजूची पूर्ण रांग काढतात.

‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, मग ऑपरेशन करावं’ या सल्ल्याला वैद्यकीय आधार नाही. वयाच्या सहा महिन्यांच्या आत अंडाशय काढलेल्या मांजरींत स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी आढळला आहे, वर्षाच्या आत काढले तर ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर हा फायदा जवळजवळ उरत नाही. पायोमेट्राचा प्रश्न मात्र ऑपरेशनने कुठल्याही वयात मिटतो.

आणि ऑपरेशन झालेली मांजर पुन्हा लोळायला, ओरडायला लागली तर ‘जुनी सवय’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. अंडाशयाचा बारीकसा तुकडा आत राहिला असेल तर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी माज परत दिसतो, आणि गर्भाशयाच्या उरलेल्या टोकाशी पूही होऊ शकतो. अशा वेळी माज ओसरल्यावर दवाखान्यात गेलात तर हाती काही लागणं कठीण. लक्षणं चालू असतानाच न्या, आधी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. त्या दिवसांत योनीतल्या पेशींचा नमुना काचपट्टीवर घेतला तर माज खरा आहे का ते कळतं, गरज पडली तर रक्तातल्या संप्रेरकांची तपासणी होते, आणि अंडाशयाचा तो तुकडा फुगलेला असताना दुसऱ्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांना तो सापडणंही सोपं जातं.