मॅस्टोडॉनवर चित्रं टाकता, पण कुणी बोलतच नाही? या चुका टाळा

पुण्यातल्या स्केच करणाऱ्यांकडून, फोटो काढणाऱ्यांकडून हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते: "इन्स्टाला कंटाळून मॅस्टोडॉनवर आलो, तर इथे चिटपाखरूही नाही." माणसं असतात हो. बहुतेक वेळा आपलं चित्र त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

२०१६ साली सुरू झालेलं मॅस्टोडॉन हे सोशल नेटवर्क एका कंपनीच्या एका सर्व्हरवर चालत नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर एकमेकांना जोडलेले आहेत. दुसऱ्या सर्व्हरवरचं निदान एक माणूस तुम्हाला फॉलो करत असेल किंवा कुणी तुमची पोस्ट बूस्ट केली, म्हणजे आपल्या फॉलोअरना पुढे पाठवली, तरच ती साधारणपणे तिथे जाते. गेलीच नाही, तर तिथे कुणी तुमचा हॅशटॅग शोधून काय उपयोग? म्हणून कोऱ्या खात्यावर पहिल्याच दिवशी सगळी वही ओतू नका. आधी चार ओळींत ओळख करून द्या, ती पोस्ट पिन करा आणि मग दुसऱ्यांच्या पोस्टखाली बोलायला लागा. तुम्ही दिलेलं उत्तर थेट त्या माणसाच्या सर्व्हरवर पोचतं. पण नुसतं "मस्त!" लिहून भागत नाही. "हा वॉश कोणत्या कागदावर दिलात?" असं विचारलंत, तर समोरचा उत्तर देतो, तुमचं प्रोफाइल उघडतो आणि बऱ्याचदा फॉलोही करतो. शनिवारवाड्यासमोर स्केच करताना शेजारच्याच्या वहीत डोकावतोच ना आपण? मग इथेच का मुखदुर्बळ व्हायचं?

लाइकने पोस्ट पुढे जात नाही, बूस्टने जाते. दुसऱ्याचं आवडलेलं काम हात आखडता न घेता बूस्ट करा.

इन्स्टाची पोस्ट जशीच्या तशी इकडे ढकलण्याची सवय मला सगळ्यात जास्त खटकते. खाली "लिंक बायोमध्ये" लिहिलेलं असतं, आणि इथे तर लिंक पोस्टमध्येच देता येते! सहसा ५०० अक्षरांची मर्यादा असते. त्यातली निम्मी जागा हॅशटॅगना कशाला? तीन-चार नेमके पुरेत.

चित्राचं वर्णन न देणं ही आणखी एक चूक. अंध वापरणाऱ्यांना ते वाचून दाखवलं जातं, आणि वर्णनाशिवायचं चित्र बूस्ट न करणारेही इथे बरेच आहेत. "मंडई" एवढंच नको. "फुले मंडईचा अष्टकोनी मनोरा, खाली भाजीच्या पाट्या, काळ्या पेनाचं रेखाटन" असं लिहा.

फीड वेळेच्या क्रमानेच चालते, त्यामुळे रात्री दोनला टाकलेलं चित्र सकाळपर्यंत खाली गेलेलं असतं. युरोपातही बघणारे हवे असतील तर आपली संध्याकाळ बरी; जर्मनीत तेव्हा दुपार असते.

सर्व्हर चुकला म्हणून मात्र हातपाय गाळू नका. खातं हलवलं की फॉलोअर सोबत येतात. जुन्या पोस्ट तेवढ्या मागे राहतात.