रोजच्या बाइकमध्ये 100 ऑक्टेन टाकायचं का? आधी मॅन्युअल उघडा

ऑक्टेन जास्त म्हणजे पॉवर जास्त, हे आधी डोक्यातून काढा. पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं, तापलं, तरी ठिणगीची आग पोचायच्या आधी ते आपोआप पेटू नये, त्याची ताकद म्हणजे ऑक्टेन, बाकी काही नाही. ते आधीच पेटलं की इंजिन नॉक करतं आणि पिस्टनची वाट लागते.

म्हणून पहिलं काम, मॅन्युअलमधलं फ्युएलचं पान आणि कम्प्रेशन रेशो बघा, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा; तो जितका जास्त तितकं साधारण ऑक्टेन जास्त लागतं. रॉयल एनफील्ड क्लासिक 350 चा 9.5 आहे, यामाहा आर15 चा 11.6, सुझुकी हायाबुसाचा 12.5, डुकाटी पानिगाले व्ही4 चा तर 14. मॅन्युअलात 91 रॉन (आपल्याकडचं ऑक्टेन मोजायचं माप) लिहिलं असेल तर साधं पेट्रोल बस्स झालं, आणि आता ई20 मुळे, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे, तेसुद्धा 95 च्या आसपास गेलंय कारण इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच जास्त. 95 लिहिलं असेल तर 95 टाका, तिथे कंजूषी नको. अमेरिकन व्हिडिओ बघून आकडे लावू नका हां, तिकडे मोजायची पद्धत वेगळी, त्यांचं 87 म्हणजे आपलं साधारण 91.

दुसरं, कानाने तपासा. गोव्यात केरीहून चोर्ला घाट चढताना मागे माणूस बसलेला, गिअर एक वरचा, आरपीएम कमी आणि थ्रॉटल थोडा जास्त उघडा, फक्त दोन-चार सेकंद. डब्यात खडे हलवल्यासारखा खडखड आवाज आला आणि थ्रॉटल सोडल्यावर लगेच गेला तर ते नॉकिंग, आणि गाडी उभी असतानाही टकटक चालूच असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घ्या, पेट्रोलचा काही दोष नाही. नॉकिंग असेल तरी लगेच महागड्या पेट्रोलकडे धावू नका, आधी गिअर खाली टाकून चालवा, मग प्लग बरोबर नंबरचा आहे का, कार्बन साचलाय का, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालंय का हे मेकॅनिककडून बघून घ्या, आणि एवढं करूनही राहिलं तर 95 टाकून बघा.

नॉकिंगच नसेल तर 100 टाकून काय मिळणार? बहुतेक छोट्या बाइकना नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर नसतो, ठिणगीचं टायमिंग कंपनीने ठरवलेलं तेवढंच राहतं, चांगलं पेट्रोल आलं म्हणून ते पुढे सरकत नाही. इंडियन ऑइलने 2020 च्या डिसेंबरात एक्सपी100 हे 100 ऑक्टेनचं पेट्रोल आणलं तेव्हापासून त्याचा दर साध्या पेट्रोलच्या दीडपटीच्या वरच राहिलाय, आणि तेवढ्या पैशात चेन-स्प्रॉकेट, एअर फिल्टर, नवा प्लग येतो ज्याचा फरक खरंच जाणवतो.

ड्रममधलं रेसिंग फ्युएल मात्र रस्त्यावरच्या गाडीत अजिबात नको, मी हे अगदी कळकळीने सांगतोय. काहींमध्ये शिसं असतं (आपल्याकडे शिशाचं पेट्रोल 2000 सालीच बंद झालं), विमानाच्या पेट्रोलमध्येही असतं, त्याने सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही जातात. काहींमध्ये मुद्दाम ऑक्सिजनवालं रसायन घातलेलं असतं, पॉवर त्याच्यातून येते, ऑक्टेन उलट कमीसुद्धा असू शकतं, पण ट्यूनिंग न बदलता टाकलं तर इंजिन लीन चालून तापतं आणि रबरचे पाइप खराब होतात.

आपल्याकडे पावसाचा प्रश्न वेगळा. जूनपासून गाडी झाकून ठेवणार असाल तर इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते, म्हणून टाकी काठोकाठ भरून ठेवा नि अधूनमधून चालवा, कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी) रिकामा करा. आणि किनाऱ्यावर बाटलीतून मिळणारं पेट्रोल हाय कम्प्रेशनच्या गाडीत शक्यतो नको, किती दिवस उन्हात होतं देव जाणे.

95 मागणारी गाडी आहे आणि आत वाळपईकडे कुठे साधंच, 95 ची खात्री नसलेलं मिळालं तर घाबरू नका, अर्धी टाकीच भरा, गिअर खालचा ठेवा, पूर्ण थ्रॉटल टाळा, आणि पुढे 97 किंवा 100 मिळालं की वरून भरा, मिसळून साधारण मधला आकडा येतो.