वेळेआधी कळा: फायब्रोनेक्टिनचा नमुना घेताना

२४ ते ३४ आठवड्यांत पोट घट्ट होऊन कंबर भरून येत असेल, तर फीटल फायब्रोनेक्टिन (गर्भाचं आवरण गर्भाशयाला चिकटवून ठेवणारं प्रथिन) तपासून घ्यावं. पाणी गेलेलं नसावं, गर्भपिशवीचं तोंड ३ सेंमीपेक्षा कमी उघडलेलं असावं.

आधी नमुना, मगच हाताने तपासणी. स्पेक्युलमला (योनीमार्ग उघडून पाहायच्या साधनाला) जेल लावू नका, त्याने निकाल बिघडतो. स्वॅब (नमुना घ्यायची काडी) गर्भाशयमुखामागच्या खोलगट भागात साधारण १० सेकंद हलकेच फिरवा. रक्तस्राव किंवा २४ तासांतला संबंध असेल तर खोटा पॉझिटिव्ह येतो. हे सासूबाईंना बाहेर बसवूनच विचारा.

निकाल दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या आत आला तर आठवडाभरात प्रसूतीची शक्यता फार कमी. पॉझिटिव्ह म्हणजे बाळंतपण आलंच असं नव्हे. तरी खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या बाईला बेळगावला वेळेत हलवण्याचा विचार तेव्हाच डॉक्टरांशी बोलून करा.