वजन कमी असूनही ते वाढण्याची भीती वाटत असेल तर

प्रौढ व्यक्तीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती आहे हे दाखवणारा आकडा) १८.५ पेक्षा कमी असेल, खाणेही अगदी थोडे असेल आणि तरीही वजन वाढण्याची धास्ती वाटत असेल, तर उपासमारीमुळेच ती धास्ती अधिक बळावते, हे आधी ध्यानात घ्यावे. मात्र आहार एकदम वाढवू नये; तसे केल्यास रक्तातील फॉस्फेट हा क्षार घसरून हृदयाला धोका पोहोचू शकतो, म्हणून डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घेऊन, आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने, ठरलेल्या वेळी खाणे टप्प्याटप्प्याने वाढवावे. सुरुवातीला काट्यावर दिसणारी वाढ बरीचशी पाण्याची आणि स्नायूंत पुन्हा साठणाऱ्या ग्लायकोजेनची, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेची असते. त्यामुळे घरी रोज वजन करणे थांबवावे, असा माझा आग्रह आहे. भीती ओसरण्याची वाट पाहत जेवण लांबवू नये. तिच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. भोवळ, धडधड किंवा पायांवर सूज आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.