"माझ्याकडे तर उघडतंय": वेबसाइटवर फायली ठेवताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी मी व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं एका वेबसाइटवर ठेवली. स्वतः तीनदा लिंक दाबून पाहिली, सगळं व्यवस्थित. चौथ्या दिवशी एका वयस्कर श्रोत्यांचा निरोप आला, "लिंक दाबली की परवानगी मागतंय." फायली क्लाउडच्या फोल्डरमध्ये होत्या आणि 'लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल' ही सेटिंग मी सुरूच केली नव्हती. मी लॉगिन केलेलं होतं, त्यामुळे मला ती अडचण दिसणारच नव्हती. ते आजोबा मात्र आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून तीन दिवस खटपट करत राहिले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून फाइल चढवली की फोनचं वायफाय बंद करतो, ब्राउझरची खासगी विंडो उघडतो, लॉगिन न करता लिंक दाबतो आणि फाइल पूर्ण उतरवून उघडून पाहतो. पुढच्या बऱ्याच चुका एवढ्यानेच पकडल्या जातात.

नावांचा घोळ

विंडोजवर फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच धरलं जातं. बहुतेक वेबसाइट लिनक्स सर्व्हरवर, म्हणजे लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरवर, असतात आणि तिथे ती दोन वेगळी नावं ठरतात. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोच्या नावाशेवटी पुष्कळदा कॅपिटल अक्षरांत जेपीजी असतं, लिंकमध्ये आपण सवयीने स्मॉल लिहितो. आपल्या कॉम्प्युटरवर छान दिसणारा फोटो सर्व्हरवर गेला की ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'.

नावात मोकळी जागा ठेवली तर मेसेजमध्ये चिकटवलेली लिंक त्या जागेपाशीच तुटते. देवनागरी नावांचं दुखणं वेगळं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि वेबपत्त्यात एकेका बाइटची ३ अक्षरं होतात. 'पुस्तक' या शब्दात प, उकार, स, हलन्त, त, क अशी ६ चिन्हं आहेत. कॉपी केलेल्या लिंकमध्ये त्याची ५४ अक्षरं होतात, टक्क्याच्या खुणांनी भरलेली. अशी लिंक पाहून माणूस बिचकतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

म्हणून सर्व्हरवर नाव साधं ठेवा: रोमन स्मॉल अक्षरं, आकडे आणि मध्ये आडवी रेघ (-). मराठी शीर्षक पानावर ठळक द्या. उतरलेल्या फाइलला मराठी नाव हवंच असेल, तर लिंकच्या कोडमधल्या डाउनलोड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ते लिहिता येतं. फाइल दुसऱ्या डोमेनवर, म्हणजे दुसऱ्या साइटच्या पत्त्यावर, असेल तर मात्र ब्राउझर ते नाव मानत नाही. तिथे त्या सर्व्हरनेच कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमधून, म्हणजे फाइलसोबत जाणाऱ्या सूचनेतून, नाव पाठवायला हवं.

व्हिडिओ नुसताच फिरत राहतो

इथे लोक इंटरनेटला दोष देतात, पण खोट अनेकदा फाइलमध्येच असते. कोणतं दृश्य फाइलमध्ये कुठे आहे याची एक अनुक्रमणिका एमपी४ फाइलमध्ये असते. रेकॉर्डिंग संपल्यावरच ती पुरी होत असल्याने पुष्कळ साधनं ती फाइलच्या शेवटी लिहितात. ती हाती लागेपर्यंत ब्राउझरला चित्र सुरू करता येत नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये 'फास्टस्टार्ट' पर्याय दिला, किंवा हँडब्रेक या तशाच प्रोग्रॅममध्ये 'वेब ऑप्टिमाइझ्ड' वर खूण केली, की अनुक्रमणिका सुरुवातीला येते. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी व्हिडिओ नव्याने एन्कोड करावा लागत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो.

दुसरी बाजू सर्व्हरची. फाइलचा हवा तेवढाच तुकडा देण्याची सोय त्यात हवी. व्हिडिओच्या मधोमध टिचकी मारा आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'नेटवर्क' बघा. सर्व्हरचं उत्तर २०६, म्हणजे 'तुकडा दिला', असेल तर ठीक. पुन्हा पुन्हा २००च येत असेल, तर सर्व्हर दर वेळी अख्खी फाइल पाठवतोय. अर्धवट तुटलेलं डाउनलोड पुढे सुरू होतं तेही याच सोयीमुळे.

आयफोनचे फोटो थेट चढवू नका. आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, ते बहुधा एचईआयसी प्रकारात असतात आणि क्रोम ते पानावर दाखवत नाही. जेपीजी करून घ्या.

फाइल चढतच नाही

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणाऱ्या साइटमध्ये अपलोडची मर्यादा मुळात २ एमबी आणि पूर्ण फॉर्मची ८ एमबी असते. लोक पहिली वाढवतात, दुसरी विसरतात. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रोग्रॅम असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबीच असते, आणि ती ओलांडली की ४१३ ही त्रुटी येते. तिन्ही ठिकाणी बघा.

लिंकशेजारी प्रकार आणि आकार लिहाच: 'पीडीएफ, १८ एमबी'. १० एमबीपीएसच्या कनेक्शनवर २०० एमबी उतरायला सगळं सुरळीत असलं तरी १६० सेकंद लागतात. डेटा मोजून वापरणाऱ्याला हे आधी कळायला हवं.

दुरुस्त केलेली फाइल जुन्याच नावाने चढवली तर कॅशमुळे, म्हणजे आधीच साठवून ठेवलेल्या प्रतीमुळे, अनेकांना जुनीच मिळत राहते. नावात आवृत्ती किंवा तारीख घाला आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट लावा.

नको ते सोबत जातं

हे मला सगळ्यात गंभीर वाटतं. पीडीएफमध्ये फोन नंबरावर काळी पट्टी काढली की झालं असं समजू नका. त्या पट्टीवरून माउस फिरवून मजकूर निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. बऱ्याच वेळा खालचा नंबर जसाच्या तसा समोर येतो. मजकूर मुळातून काढणारं 'रिडॅक्ट' साधन वापरा आणि नंतर हीच चाचणी पुन्हा करा. फोटोच्या आत तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांश असू शकतात, वर्ड फाइलमध्ये लिहिणाऱ्याचं नाव असतं. चढवण्याआधी दोन्ही पुसा. आणि सर्च इंजिनांनी काय वगळावं हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये नाव टाकून काही लपत नाही; ती रोबोट्स फाइल कोणीही वाचू शकतो.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली वर्ड फाइल तो फॉन्ट नसलेल्याला रोमन अक्षरांचा गिचमिडकाला दिसते. पीडीएफ केली तर दिसते नीट, पण तिच्यात मराठी शब्द शोधून सापडत नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदला, मगच पीडीएफ करा.

प्रत्येक डाउनलोडखाली 'उघडत नसेल तर कळवा' असं लिहून संपर्काची सोय ठेवा. अडलेली माणसं बहुधा न बोलता निघून जातात. कोणी कळवलंच, तर फोन कोणता, ब्राउझर कोणता आणि पडद्यावर नेमके कोणते शब्द आले, एवढं विचारा. आजोबांनी 'परवानगी मागतंय' असं लिहिलं होतं, म्हणून मला चूक पाच मिनिटांत सापडली.