दम वाढत नव्हता, छोट्या स्प्रिंटने वाढला

रोज ५ किलोमीटर पळूनही तिसऱ्या किलोमीटरला धाप लागायची. अंतर वाढवलं, गुडघे दुखले. रोज स्प्रिंट मारल्या, पोटरी आखडली. पार वैतागलो होतो.

जमलं ते असं: आधी १० मिनिटं हलकं जॉगिंग. मग सौम्य चढावर २० सेकंद जोरात पळायचं, पण अगदी जीव तोडून नाही, आणि २ मिनिटं चालत खाली यायचं. (चढावर पाऊल आखूड पडतं, मांडीमागचा स्नायू वाचतो.) पहिल्या आठवड्यात ४ फेऱ्या, पुढे दर आठवड्याला एक वाढवत ८. वेग पडला की त्या दिवशी बंद. शेवटी ५ मिनिटं चालणं. हे आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान ४८ तास. इतर दिवशी गप्पा मारता येतील इतकं संथ पळायचं. मी नेमका इथेच चुकत होतो. सहाव्या आठवड्यात ५ किलोमीटर न धापता झाले.